सर्वांत जड तुकडा किती किलोचा? दुर्गम वाटेवरचा लाकडी पूल बदलताना

रस्त्याकडेचा छोटा पूल बदलताना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: ओढा किती रुंद, पूर किती येतो, भार किती. जिथे गाडी पोहोचत नाही तिथे या सगळ्यांच्या आधी वेगळाच प्रश्न उभा राहतो. पुलाचा सर्वांत जड आणि सर्वांत लांब तुकडा जागेवर न्यायचा कसा? याचं उत्तर मिळेपर्यंत कागदावरचा आराखडा म्हणजे नुसती चित्रकला. लाकूड की पोलाद, तुळई अखंड की जोडाची, पाया काँक्रीटचा की दगडांचा, हे सगळं त्या एका उत्तरातून ठरत जातं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच पूल धरून चालू. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ९ मीटर, रुंदी १.२ मीटर, दोन लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. पायवाटांवर सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच.

आधी खात्री करा, जुना पूल खरंच गेला आहे का

लाकूड पाण्यामुळे नाही, बुरशीमुळे कुजतं. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असली तर बुरशी वाढत नाही, ३० टक्क्यांच्या वर गेली की तिला मोकळं रान मिळतं. म्हणूनच पुलाचा मधला, वाऱ्यावरचा भाग वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो आणि टोकं आधी जातात. तपासणी टोकांपासूनच सुरू करावी. तुळईच्या शेवटाला माती टेकली आहे का, तुळईखालचा आधाराचा ठोकळा कसा आहे, फळी आणि तुळई यांच्या सांध्यात काळी, ओलसर रेघ दिसते का, खिळ्यांची भोकं मऊ झाली आहेत का, ते बघावं.

साधनं साधीच लागतात. हातोडीने ठोकल्यावर चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ लाकडाचा आवाज बद्द येतो. मग टोकदार आरी खुपसून लाकूड उचकटायचं. निरोगी लाकडाची लांब चोय निघते, कुजलेलं लाकूड कटकन आखूड तुटतं. शंका राहिली तर ६ मिलिमीटरच्या गिरमिटाने बाजूने भोक पाडून बाहेर येणारा भुसा पाहावा. गिरमिट अचानक सैल फिरू लागलं आणि भुसा तपकिरी, दमट निघाला तर आत कूज आहे. तपासून झाल्यावर त्या भोकात कूजरोधक रसायनाची प्रक्रिया केलेली लाकडी खुंटी ठोकायला विसरू नये, नाहीतर तपासणीच कुजण्याची नवी वाट करून ठेवते.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. गोल ओंडक्याच्या तुळईचा गाभा निम्म्या व्यासाइतका पोकळ झाला तरी वाकण्याला होणारा तिचा विरोध फक्त सोळाव्या हिश्शाने घटतो, कारण खरं काम बाहेरचे थर करतात. याउलट वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर गेला तर नुकसान मोठं. पण म्हणून पोकळ गाभ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तुळई टोकाला जिथे टेकते तिथे सगळा भार आडव्या धाग्यांवर दाबला जातो आणि तिथला गाभा पोकळ असेल तर ती चेपते. फक्त फळ्या खराब असतील तर फळ्याच बदलाव्यात. तुळईचं टोक किंवा खालचा ठोकळा गेला असेल तर मात्र पूर्ण पुलाचा विचार करावा.

ताकद पुरते, ताठपणा पुरत नाही

अमेरिकेतल्या पादचारी पुलांच्या मानकात दर चौरस मीटरला ४.३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४४० किलो भार धरतात. युरोपात साधारण ५ किलोन्यूटन. निर्जन वाटेवर एवढी गर्दी कुठून येणार, असं वाटेल. पण एखादा गट फोटोसाठी पुलावर दाटीवाटीने उभा राहतोच, आणि बर्फाच्या प्रदेशात दबलेल्या बर्फाचा सव्वा मीटरचा थर सहज तेवढा भरतो.

आपल्या पुलाचं क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर, म्हणजे भार जवळपास ४६ किलोन्यूटन, पावणेपाच टनांच्या आसपास. पुलाचं स्वतःचं वजन मिळवून, मध्यम प्रतीच्या लाकडाला वाकण्यात १० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० किलो, ताण चालेल असं धरलं, तर १५० मिलिमीटर जाडीच्या तुळईची उंची ३६० मिलिमीटर लागते. पण तेवढ्या तुळईला गर्दीच्या भाराखाली ३८ मिलिमीटर बाक येतो. सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे गाळ्याचा ३६० वा भाग, म्हणजे २५ मिलिमीटर. ती पाळायची तर उंची ४२५ मिलिमीटर करावी लागते, तेव्हा बाक २३ वर येतो. पायवाटेवरच्या लांब पुलांची तुळई बहुधा तुटण्याच्या भीतीने नाही तर डुलण्याच्या भीतीने मोठी होते. गाळा दुप्पट झाला की, तितक्याच रुंद पुलाच्या त्याच तुळईला बाक सोळापट येतो. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. जाडी वाढवण्यापेक्षा उंची वाढवणं म्हणूनच फायद्याचं.

आता ही तुळई वजनात बघा. टेकायला दोन्हीकडे ३० सेंटिमीटर धरून लांबी ९.६ मीटर, आकारमान ०.६१ घनमीटर. लाकूड घनमीटरला ६०० किलो धरलं तर एक तुळई साधारण ३७० किलोची. इथेच पहिली मोठी चूक होते. तक्त्यातलं वजन वाळलेल्या लाकडाचं असतं. दाबाखाली कूजरोधक रसायन भरून नुकतंच बाहेर काढलेलं लाकूड ८०० किलोपर्यंत जाऊ शकतं आणि तीच तुळई ४९० किलोची होते. हेलिकॉप्टर असो की माणसं, प्रत्येक नग प्रत्यक्ष काट्यावर तोलल्याशिवाय वाहतुकीचा बेत पक्का करू नये.

वर न्यायचं कसं

खडबडीत वाटेवर दिवसभर वाहायला माणसामागे २० ते २५ किलो हे व्यवहार्य ओझं. त्या हिशेबाने ३७० किलोच्या तुळईला किमान सोळा माणसं लागतात. सरळ, सपाट वाटेवर ते जमेलही. पण वाटेला खोलगा आला की मधल्या माणसांच्या खांद्यांवरून तुळई उचलली जाते आणि सगळं ओझं टोकांच्या चार-सहा जणांवर येतं. उंचवटा आला की बरोबर उलट. शिवाय साडेनऊ मीटरचा नग नागमोडी चढणीच्या वळणावर वळतच नाही. ओझ्याच्या जनावरालाही एका बाजूला तीसेक किलो आणि अडीच-तीन मीटर लांबी यापुढे नेता येत नाही, आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखंच असावं लागतं.

मग तीन वाटा उरतात. पहिली, जागेवरचंच झाड. परवानगी असेल आणि जवळपास सरळ, टिकाऊ जातीचं झाड असेल तर साल काढलेला ओंडका हा जुना, प्रामाणिक उपाय. मात्र तो रसायनाशिवायचा असतो, त्यामुळे बहुतेक जातींत आयुष्य कमी. साल काढायलाच हवी. सालीखाली ओल धरून राहते आणि किडे तिथेच घर करतात.

दुसरी वाट म्हणजे तुकड्यांचा पूल. पोलादी किंवा फायबरच्या त्रिकोणी सांगाड्याचे दोन-अडीच मीटरचे नग एकेका माणसाने वाहून न्यायचे आणि जागेवर बोल्टने जोडायचे. फायबरचा नग हलका, गंजत नाही, पण त्याचा ताठपणा पोलादाच्या साधारण दहाव्या भागाइतका. त्यामुळे असा पूल भाराला पुरला तरी पावलांच्या ठेक्यावर थरथरतो. माणूस सेकंदाला जवळपास दोन पावलं टाकतो. पुलाची स्वतःची उभी कंपनसंख्या सेकंदाला तीनच्या खाली गेली की चालणाऱ्याला ते जाणवू लागतं. तुकड्यांच्या पुलात सगळा खेळ बोल्टांचा. कारखान्याच्या आवारात पूल एकदा पूर्ण जोडून, प्रत्येक नगावर क्रमांक घालून, मग सोडवून पाठवावा. बोल्ट, नट, वॉशर दहा टक्के जास्त न्यावेत. ओढ्यात पडलेला एक बोल्ट अख्ख्या तुकडीचा दिवस खातो.

लाकडी तुळईच तीन पातळ थरांत नेऊन जागेवर बोल्टने जोडायची युक्ती अनेकांना सुचते. थर पूर्ण लांबीचे असतील तर ती चांगली आहे. थरांत सांधे आले तर प्रत्येक सांध्यापाशी एक थर कामातून जातो आणि तीनपैकी दोनच थर भार पेलतात. सांधे एकमेकांपासून दूर, गाळ्याच्या मध्यापासूनही दूर ठेवून आणि उंची वाढवूनच हे करावं.

तिसरी वाट हेलिकॉप्टर. एएस३५० बी३ हे डोंगराळ कामात सर्रास दिसणारं हलकं हेलिकॉप्टर. त्याच्या हुकाची कमाल मर्यादा १,४०० किलो आहे, पण ती कागदावरची. उंची वाढली आणि हवा तापली की हवा विरळ होते आणि उचल घटते. म्हणून उचलीची कामं सकाळच्या गारव्यात घेतात. तुळया, फळ्या, कठडा, पायाचं साहित्य आणि हत्यारं मिळून आपला पूल दोन टनांच्या आसपास जातो, म्हणजे तीन-चार फेऱ्या. लांब तुळई दोन पट्ट्यांत बांधतात. पट्टे आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. ३० अंशांत असतील तर प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका. आखूड पट्टा वापरून काटकसर करायची ही जागा नव्हे. लोंबणारी तुळई वाऱ्याने फिरू नये म्हणून हुकाला फिरकी आणि तुळईला धरदोर हवा. खाली येणारा हुक आधी जमिनीला टेकू द्यावा, मगच हात लावावा. हवेतल्या घर्षणाने त्यावर वीज साठलेली असते. गठ्ठे वापराच्या क्रमाने लावावेत. पाया आधी लागतो आणि त्याचं सामान फळ्यांच्या ढिगाखाली गाडलं गेलं की सगळा पसारा पुन्हा उपसावा लागतो.

पाया: पाण्याचं म्हणणं आधी ऐका

जुना पूल होता तिथेच, तेवढाच नवा बसवायचा, हा हट्ट महागात पडतो. पूर्वी गाळा बहुधा जवळ मिळालेल्या झाडाच्या लांबीवरून ठरत असे, पाण्यावरून नाही. पूर कुठवर चढतो ते काठावरच लिहिलेलं असतं: फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, खोडांवरची गाळाची रेघ, खडकावर शेवाळ जिथे संपतं ती पातळी. तुळईचा तळ या खुणेच्या किमान ६० सेंटिमीटर ते एक मीटर वर असावा. पुरात झाडं वाहून येत असतील तर त्याहून वर, कारण पायवाटेवरचे पूल नुसत्या पाण्याने क्वचित जातात. ते जातात तुळईला आडवं अडकलेलं झाड आणि त्याच्या मागे तुंबलेलं पाणी यांमुळे. आधार काठाच्या कडेपासून एक-दीड मीटर मागे घ्यावा आणि ओढ्याच्या वळणाची बाहेरची बाजू टाळावी, तिथेच काठ खचतो.

एक घनमीटर काँक्रीट म्हणजे २.४ टन. वाळू-खडी जागेवर मिळाली, ती काढायची परवानगी असली आणि तिच्यात माती नसली, तरी ३०० ते ३५० किलो सिमेंट वाहावं लागतंच. म्हणून दुर्गम जागी दगड भरलेल्या तारजाळीच्या पेट्या, म्हणजे गॅबियन, बहुतेकदा सरस ठरतात. २×१×१ मीटरच्या पेटीची जाळी जेमतेम वीस किलोची, आणि आत बसतो तीन टनांहून जास्त दगड, तोही तिथलाच. दगड १० ते २० सेंटिमीटरचे, हाताने रचलेले हवेत. पोतं ओतल्यासारखे भरले तर पेटीचं पोट सुटतं. दर एक तृतीयांश उंचीला समोरच्या आणि मागच्या जाळीला आडव्या ताणतारा बांधाव्यात. पेटीमागे गाळणीचं कापड घालावं, नाहीतर मागची बारीक माती दगडांमधून वाहून जाते आणि वाट खचते. तळ ओढ्याच्या पात्रापेक्षा खोल नेता येत नसेल तर पेटी काठापासून आणखी मागे सरकवा. पेटी मोडून पडायच्या आधी तिच्या खालची माती निघून गेलेली असते.

खडक असेल तर काम सोपं होतं. भोक पाडून सळई रासायनिक गोंदाने बसवायची. इथे फसगत एकाच ठिकाणी होते: भोकातली धूळ. ब्रश आणि हवेचा पंप आलटून पालटून तीन-चार वेळा फिरवला नाही तर गोंद खडकाला न चिकटता धुळीला चिकटतो. थंडीत गोंद घट्ट व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो, हेही वेळापत्रकात धरावं.

दोन्ही काठांची पातळी जुळवायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी असते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर ती बिनदिक्कत खोटं सांगते. ठोकळे काटकोनात बसले की नाही ते कर्ण मोजून ठरवावं. दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तुळई पलीकडे

या कामात हात-विंच लागते, वायर रोप आरपार ओढणारी. १.६ टनांची विंच दोन माणसं उचलून नेतात. कप्पी लावून दोर उलटा फिरवला की ओढ दुप्पट होते. मात्र कप्पीच्या नांगरावर, म्हणजे ती ज्याला बांधली आहे त्यावर, दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, हे विसरलं की झाड उपटून येतं. नांगराचं झाड जिवंत, पक्क्या मुळांचं असावं. पट्टा रुंद, बुंध्याच्या अगदी खाली बांधलेला.

तुळई लोळणांवरून पुढे ढकलत नेली तर अर्ध्याहून जास्त भाग कडेबाहेर गेल्यावर ती नाकावर आपटते. म्हणून पलीकडे दोन बल्ल्यांची कैची उभी करून तुळईचं पुढचं टोक दोराने त्याआधीच उचलून धरतात आणि मागच्या टोकाला रोखदोर ठेवतात. दरी रुंद असेल तर दोन्ही काठांवर आडवा दोर ताणून त्यावरून तुळई सरकवतात. इथला हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ हवा. २० मीटरच्या दोरावर मधोमध ३७० किलोचा भार असताना झोळ २ मीटर असेल तर दोरात सुमारे ९२५ किलो ताण येतो. झोळ १ मीटरवर आणला की १,८५० किलो, म्हणजे १.६ टनांच्या विंचच्या क्षमतेबाहेर. दोर तारेसारखा ताठ दिसला की बरं वाटतं आणि घात तिथेच होतो. झोळ राहू द्या, कैची उंच करा. ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि दोर वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही उभं राहू नये.

पहिली तुळई बसली की तिला लगेच दोन्हीकडून टेकू द्यावा. १५० रुंद आणि ४२५ उंच तुळई कडेवर उभी असते आणि धक्क्याने लोळते. दुसरी आली की दोघींमध्ये टोकांना आणि मध्ये आडवे ठोकळे बसवावेत, मगच कोणी वर चढावं.

जुना पूल काढताना

नवा पूल दोन-तीन मीटर बाजूला घेता आला तर जुना तोवर ये-जा करायला राहतो. पण ज्याला बाद ठरवलं त्याच्यावरून नवी तुळई ओढायचा मोह आवरावा. उतरवताना क्रम उलटा: कठडा, फळ्या, मग तुळया. तुळई कापण्याआधी दोन्ही टोकं विंचला बांधून घ्यावीत. दोन्ही टोकांवर टेकलेल्या तुळईचा वरचा भाग दाबाखाली आणि खालचा ताणाखाली असतो. वरूनच कापत गेलं तर करवत चिमटते, म्हणून वरून थोडा छेद घेऊन उरलेलं खालून कापतात.

रसायन भरलेलं लाकूड जाळू नये. तांबं-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया असेल तर राखेत आर्सेनिक राहतं. ते बाहेर वाहून न्यावंच लागतं आणि त्याचं वजन वाहतुकीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून हवं. भुसाही ताडपत्रीवर गोळा करावा.

कोरडा राहील असा बांधा

रसायन लाकडाच्या बाहेरच्या थरातच शिरतं. जागेवर केलेला प्रत्येक काप आणि प्रत्येक भोक आतलं कोरं लाकूड उघडं पाडतं. शक्य तितकी भोकं प्रक्रियेआधीच पाडून घ्यावीत, राहिलेल्यांवर कॉपर नॅप्थेनेट या तांब्याच्या कूजरोधक द्रावणाचे दोन हात मारावेत. तांब्याच्या प्रक्रियेचं लाकूड साधे खिळे खातं. गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे स्क्रू घ्यावेत. ॲल्युमिनियम तर त्याला टेकवूच नये.

तुळईच्या माथ्यावर, फळ्यांच्या खाली, डांबरी पट्टी तुळईपेक्षा थोडी रुंद लावावी, म्हणजे पाणी कडेवरून ठिबकून जातं. एवढ्या स्वस्तात पुलाचं आयुष्य वाढवणारी दुसरी गोष्ट नाही. तुळईच्या शेवटापासून पाच-सात सेंटिमीटर मोकळे सोडून मागे माती अडवणारी फळी उभी करावी. ती फट वाटेच्या मातीने भरली की कूज तिथूनच सुरू होते.

फळ्या माणसांसाठी ५० मिलिमीटरच्या चालतात, ओझ्याच्या जनावरांसाठी ७५ च्या. वाळलेल्या फळ्यांत ६ ते १० मिलिमीटर फट ठेवावी. ओल्या फळ्या मात्र एकमेकींना चिकटवून बसवाव्यात, वाळल्यावर फट आपोआप पडते. ओल्या फळ्यांनाही फट सोडली की वर्षभरात काठीचं टोक अडकण्याइतकी भेग तयार होते. कठडा माणसांसाठी साधारण १.०७ मीटर, घोडेस्वारांची वाट असेल तर १.३७ मीटर. खांब फळ्यांना न ठोकता तुळईला बोल्टने धरावेत; फळी बदलायची वेळ येते तेव्हा कठडा हलवावा लागत नाही.

पहिल्या कोरड्या ऋतूनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, पण आडव्या दिशेने पाच टक्के सहज आकसतं. १५० मिलिमीटरच्या तुळईत सात-आठ मिलिमीटर. म्हणून बसवतानाच बोल्टचे आटे तेवढे लांब ठेवावेत, म्हणजे नटाला पुढे सरकायला जागा उरते, आणि त्या मापाचा पाना वार्षिक तपासणीच्या सामानात आधीच ठेवून द्यावा.